दोन नळ्या, एक कुंभारीण

आबा, तुमच्या काळी-पिवळी जीपमधला तो डिझेलचा काटा आठवतो का? टाकी भरलेली असो की कोरडी, तो आपला कायम अर्ध्यावर. मांजरसुंब्याहून लिंबागणेशकडे निघताना तुम्ही त्याच्या काचेवर टिचकी मारायचात, तो ढिम्म हलायचा नाही, आणि मग तुम्ही सीटखालची बांबूची काठी काढून टाकीत बुडवायचात. काठी जिथवर ओली, तिथवर डिझेल. जीपमध्ये चौदा माणसं घामाघूम होऊन बसलेली असायची, त्यातलं कुणीतरी वैतागून म्हणायचं, "काटा दावतोय की अर्धी टाकी! चला आता." तुम्ही शांतपणे काठी पुसत म्हणायचात, "ह्यो काटा लई खोटारडा हाय. ह्याचं आयकलं तर तुमालाच ढकलावी लागंल." मी पुढच्या सीटवर, तुमच्या आणि एखाद्या म्हातारीच्या मधे चेपलेली, आणि मला तुमचा भारी अभिमान वाटायचा.

तुम्ही गेलात तेव्हा मी विमानाला हातसुद्धा लावला नव्हता. आता मी डावीकडच्या सीटवर बसते, म्हणजे कॅप्टनच्या. माझ्यासमोर काटा असा एकही नाही, सगळ्या काचा. एका काचेवर अर्धं निळं, अर्धं तपकिरी चित्र असतं. निळं म्हणजे आभाळ, तपकिरी म्हणजे जमीन, आणि मधली रेघ कलली की समजायचं विमान कललं. त्याच्या डाव्या कडेला वेगाचे आकडे सरकत असतात, उजव्या कडेला उंचीचे. अगदी तश्शीच काच शेजारी सहवैमानिकापुढे, आणि दोघांच्या मधे एक छोटी, अडीनडीची. शिकाऊ होते तेव्हा जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये मी एकदा त्या काचेवर टिचकी मारली होती. शिकवणारे सर हसून म्हणाले, "मॅडम, हा टीव्ही आहे, माठ नाही." मला हसू आलं नाही. टिचकी मारून ज्याची परीक्षा घेता येत नाही, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, हे मला आजही नीटसं कळलेलं नाही.

पण तुम्हाला एक गोष्ट पटली असती. वेग मोजायला विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढ्या नळ्या असतात, तोंड पुढे करून. त्यांत वारा शिरतो, तो किती जोरात दाबतो त्यावरून वेग ठरतो. माझ्या काचेची नळी वेगळी, सहवैमानिकाची वेगळी, मधल्या काचेची वेगळी. तिघांना विचारायचं आणि ताडून बघायचं. हे मी पहिल्यांदा पुस्तकात वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, कारण तो तुमचाच आवाज होता. "एकाचं आयकून चालायचं न्हाई. तिघांला इचारायचं. तिघं एकच बोलले की मग खरं."

तसंच तुम्ही माझ्याबाबतीतही विचारलं होतं. मी बारावीला होते, बीडला फिजिक्सच्या क्लासला जायची. एका संध्याकाळी तुम्ही मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं आणि तुमच्या जोडीच्या जीपवाल्याला विचारलं. तिघं एकच बोलले: पोरगी क्लासला नव्हती, एका पोराबरोबर स्टँडवर दिसली. घरी आलात, चप्पल काढलीत आणि आईला म्हणालात, "उद्यापासून क्लास बंद." आई म्हणाली, "कावून? तिला तरी इचारा." तुम्ही म्हणालात, "तिघांला इचारलंय." मी चुलीपाशी भाकरी थापत होते. माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. चार महिने मी घरी बसून फिजिक्सचं पुस्तक एकटीने वाचलं. नंतर कळलं की स्टँडवर कुणी काही पाहिलंच नव्हतं. पंक्चरवाल्याने एक पुडी सोडली होती आणि बाकीच्या दोघांनी ती त्याच्याकडूनच ऐकली होती. तिघं कुठले आबा, तो एकच होता. याचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला आहे, तुम्ही गेल्यावरसुद्धा.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. आम्ही धावपट्टीवर धावायला सुरुवात केली. शंभरचा वेग झाला की सहवैमानिकाने मोठ्याने म्हणायचं, आणि मी आपल्या काचेवर बघून दुजोरा द्यायचा, अशी रीत आहे. तो म्हणाला, "शंभर." माझी काच साठ दाखवत होती. मधली छोटी काच, तीही साठच्याच आसपास. दोघी एक, तो एकटा. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी हेच आलं की हा नवा आहे, याचंच काहीतरी गंडलंय. डोळे वटारून मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. मग नजर समोरच्या काचेबाहेर गेली. धावपट्टीवरचे पांढरे पट्टे साठच्या वेगाने पळत नव्हते. तीच माझी काठी. मी इंजिनांचे दांडे मागे ओढले आणि विमान थांबवलं. मागे दीडशेवर माणसं होती. सगळी सुखरूप उतरली, काही जण उशीर झाला म्हणून आमच्यावर डाफरलेही.

इंजिनिअरने माझी नळी आणि मधल्या काचेची नळी तपासली. दोन्ही डाव्या बाजूला, जवळजवळ. दोन्हींत ओल्या मातीचा बोळा. कुंभारीण माशीचं काम, एकाच माशीचं असावं, असं तो म्हणाला. दोन साक्षीदार एकमुखाने बोलले आणि दोघांच्या तोंडात माती एकीचीच. मला तिथेच उभ्याउभ्या तो पंक्चरवाला आठवला.

सहवैमानिकाची मी माफी मागितली. तो नुसता हसला, म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं." हे वाक्य मला फार लागलं.

आता चौकशी सुरू आहे. त्यांनी काचांमागची नोंद काढून पाहिली, नळ्या पाहिल्या, सहवैमानिकाचा जबाब घेतला. कॉम्प्युटरला विचारलं, इंजिनिअरला विचारलं. माझ्या अहवालाचा एक छापील फॉर्म होता, तो मी भरून दिला. सगळे मला शाबासकी देतात. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन आहे, "उड्डाणापूर्वी आणखी काही आढळले काय?" तो मी कोरा सोडला.

तुम्हाला आपल्या दाराच्या चौकटीवरचं कुंभारणीचं घर आठवत असेल. तुम्ही झाडू घेऊन उठलात की आई आडवी यायची. "मोडू नका तिचं घर. कुंभारीण आली की घराला बरकत येती." कुठल्याच काट्यावर विश्वास न ठेवणारे तुम्ही, झाडू निमूट खाली ठेवायचात.

त्या दिवशी उड्डाणाआधी मी रीतीप्रमाणे विमानाभोवती फेरी मारली. चाकं पाहिली, पंख पाहिले, प्रत्येक गोष्टीकडे तुमच्यासारखं संशयाने पाहिलं. नाकाजवळ एक कुंभारीण घिरट्या घालत होती. मला आई आठवली. बरकत, असं मी मनात म्हटलं, हसले, आणि त्या नळ्यांत डोकावून न बघता पुढे गेले.

चौकशीत मला हे कुणी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची मला खात्री नाही. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले. त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं नाहीत म्हणून मी वर्षानुवर्षं तुमच्यावर रुसून राहिले. पण आबा, विचारलं असतंत तरी मी खोटंच बोलले असते. स्टँडवर पोरगा नव्हता, हे खरं. पण मी क्लासलाही नव्हते. दोन मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेलते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. त्या फॉर्मला आहे. त्याची प्रत मी समोर घेतली आहे, कोऱ्या चौकोनात "कुंभारीण" एवढा शब्द लिहून झाला आहे, आणि पुढे "मी पाहिली होती" हे लिहायला हात धजत नाहीये.