उत्तराचा रविवार

महाड,
सोमवार, २४ मार्च २०२५

प्रिय शर्मिलाताई,

तुझं पत्र पोचलं. फोन न करता हातानं लिहिलंस, म्हणून मीही लिहायलाच बसले. आम्ही दोघं बरे आहोत. एसटी स्टँडजवळ माझी घावण्यांची गाडी चालते. महिपत एका कंपनीच्या गेटवर असतो. वीस तारखेला चवदार तळ्यावर बाहेरगावची माणसं आली होती, तेव्हा पहाटेपासून तवा उतरला नाही. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे. आणखी एक कारण आहे, ते पुढे लिहिते.

पाडव्याला या म्हणतेस. वस्तीत चार नवीन कुटुंबं येणार, त्यांच्यासमोर आपले करार वाचायचे, आणि मूळची पाचही घरं हजर असल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. पोलादपूरच्या त्या उतारावर एकही भिंत उभी नव्हती तेव्हा फणसाखाली बसून आपण हे ठरवलं होतं. शब्द बहुतेक तुझेच. कोणाचं चुकलं तर ज्याचं नुकसान झालं त्यानं रविवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलायचं. ज्याच्यावर बोट आहे त्यानं मध्ये एक शब्द न काढता ऐकायचं. त्याचं उत्तर पुढच्या रविवारी. मधल्या दिवसांत राग निवतो, असं तू समजावलंस. मला ते फार आवडलं होतं. आमच्या वरंधला भांडण म्हणजे दोन्ही बाजू एकदम ओरडणार, ऐकायला कोणीच नाही.

तुझ्या पत्रातला एक भाग मी महिपतला वाचून दाखवला. ‘नवीन येणाऱ्यांना मी महिपतची गोष्ट नेहमी सांगते. आगीनंतर आपण त्याला कसं सामावून घेतलं, ते ऐकून लोकांचे डोळे भरून येतात.’

तो कामावर जायला डबा भरत होता. “बरा लिवलाय,” म्हणाला, आणि झाकण लावून गेला.

त्या आगीला आता तीन वर्षं झाली. काजूची सगळी कलमं गेली, गोठ्याची एक बाजू गेली. राब भाजणारा वस्तीत एकटा महिपत. भातरोपांची जागा तो दरवर्षी त्याच्या बापासारखीच भाजायचा, पहाटेच्या दवात, हातात ओले टहाळे घेऊन. त्यामुळे आग कोणाची, हे कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. बैठकीत तू बोललीस. कलमं तू हातानं लावली होतीस, तुझा आवाज कापत होता. महिपत गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत बसला.

मग आठवडाभर तो माझ्यासमोर उत्तर म्हणून बघायचा. मी भाकऱ्या थापायची आणि हा दाराशी उभा. “मी पहाटंचा भाजला. वारा नव्हता. पानी मारून, पायानं तुडवून मग घरी आलो. आग दुपारची हाय.” एवढंच. पण चार माणसांत बोलायचं म्हणून पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी हसायची, तर म्हणायचा, “हसतेस काय गो, माझी जीभ जड हाय.”

रविवारी तो उभा राहिला आणि त्याच्या आधी तू उभी राहिलीस. उत्तर नको म्हणालीस. आम्ही महिपतला माफ केलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू त्याला मिठी मारलीस.

माफ झालेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, ताई. तोंड उघडलं तर तोच कृतघ्न ठरतो.

पावसाळ्याआधी आम्ही खाली उतरलो. त्याच्या वाडीत आजही त्याला डोंगर जाळणारा म्हणतात. सख्खा भाऊ महादू, पण राब भाजायला याला बोलवत नाही. परवा कंपनीत दुसऱ्याच्या चुकीसाठी साहेबानं याला झापलं. हा ऐकत उभा राहिला. बोलला का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाला, “पुढच्या टायमाला बोलू.”

आता ते दुसरं कारण. वीस तारखेला गाडीवर शोएब आला, आपल्याकडे टेम्पोनं सामान आणायचा तो. आगीनंतर तो कतारला गेला होता, गेल्या महिन्यात परतला. घावणं मोडता मोडता त्यानं सहज विचारलं, “वहिनी, भरतभाऊंचा हात बरा झाला काय हो?”

“कुठला हात?”

“अहो, आग लागली तेव्हाचा. मी पत्रे घेऊन आलेलो ना दुपारचा. पाहुण्यांच्या तंबूसाठी भाऊ गवत साफ करत होते. काडी त्यांनीच लावली. मी बोललो पण, एवढ्या वाऱ्यात काय पेटवता. शर्मिलाताई बाजूलाच होत्या. मला म्हणाल्या, तू तुझे पत्रे उतरव.” मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. “तुम्हाला म्हाईत नव्हता?”

त्या बैठकीत भरतभाऊंच्या हाताला पट्टी होती. आग विझवताना तुझ्या नवऱ्याचा हात भाजला म्हणून आम्ही त्यांचं कौतुक केलं होतं. तुझा आवाज कशानं कापत होता तेही मला आता कळतं. आणि माफीची घाई का होती तेही.

महिपतला सांगितलं. त्यानं डबा धुवून पालथा घातला. मग म्हणाला, “सोड गो. मी काय बोलणार नाय तिथं.”

नको बोलू दे. माझं नुकसान झालंय, मी बोलेन.

आम्ही पाडव्याला येतोय. शोएब टेम्पोतून सोडणार आहे आणि थांबणारही आहे. करार वाचायच्या आधी मी उभी राहीन. नवीन कुटुंबं समोर असतील, त्यांची मुलं असतील, तुझी आई असेल. शोएबनं जे सांगितलं ते मी सांगेन आणि तू ऐकशील. भरतभाऊंनाही बजावून ठेव, मध्ये एक शब्द नाही. बोलावणं मागे घ्यावंसं वाटलं तर घे. पण आमच्याशिवाय करार वाचता येणार नाहीत, आणि ती माणसं घरं सोडून निघालेली असतील.

तुझं उत्तर सहा एप्रिलला, रविवारी. नीट तयारी कर. भरतभाऊंसमोर म्हणून बघ. तुझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असेल, आणि त्यातलं काही खरंही असेल.

त्या दिवशी तू उभी राहिलीस की तुझ्या आधी मी बोलेन. उत्तर नको म्हणेन. आम्ही शर्मिलाताईला माफ केलंय. टाळ्या मीच सुरू करीन, आणि मग येऊन तुला मिठी मारीन, सगळ्यांसमोर, तू सोड म्हणेपर्यंत.

तुला माफ करायला येणारी,
रूपाली