उत्तरेच्या भिंतीवरचे हात

मंगळवार, पौष वद्य ६, शके १८३०

दोन हात कमी आहेत!

आरतीनंतर नीट मोजले. टेकडीवरच्या दालनात उत्तरेच्या भिंतीवर बायकांचे हळदीचे हात उमटलेले आहेत. दिवाळीत एकोणीस होते. आज सतरा. पावसाने गेले म्हणावं तर छप्पर शाबूत आणि बाकीचे तसेच. दोनच जागा घासून पांढऱ्या झालेल्या.

पूर्वेच्या कोनाड्यात आमची देवी. पश्चिमेच्या कमानीकडे तोंड करून त्यांचा नमाज. मंगळवार आमचा, शुक्रवार त्यांचा. कुलूप एक, किल्ली एक. बुधवारी सकाळी मी सगळं झाडतो, आपलं फूल-अक्षत काही मागे ठेवत नाही, आणि किल्ली त्यांच्या मुजावराच्या, करामतशहाच्या, हातात देतो. शनिवारी तोही तसंच झाडून किल्ली मला देतो. आमचे पूर्वज पवारांच्या लष्कराबरोबर या मुलखात आले, तेव्हापासून असंच. किल्ली मागायची वेळ कधी आली नाही.

मग हात कुणी पुसले? बुधवार ते शनिवार किल्ली कुणाकडे असते?

नको तो विचार. पण आला खरा.

बुधवार, वद्य ७

किल्ली दिली. वर तिळगूळ दिला. करामतशहा तोंडाकडे बघून म्हणाला, "कई पंडतजी, नींद नी आई? आँख लाल हे." आणि हसला.

त्या हसण्यात काही होतं का?

सोमवार, वद्य १२

मावसभाऊ कृष्णराव आला होता. धारेला कचेरीत कारकून आहे. त्याच्यापाशी हातांचं बोललो. वाटलं होतं, हसेल. तो पाटावरून अर्धा उठलाच.

"अण्णा, झोपलायस काय? फाल्गुनात अंमलदार फिरतीवर येणार. त्या दालनात कोण कधी पूजतो, कुणाच्या खुणा आहेत, सगळं लिहून घेणार. एकदा कागदावर चढलं की तुझ्या नातवालाही बदलता यायचं नाही. ते हात म्हणजे आपला पुरावा! आता कळलं कोण का पुसतंय?"

नातू कुठला! लेकीच्या, इंदूच्या, लग्नाला सात वर्षं झाली, देवासहून तशी काही बातमी नाही.

पण बाकीचं कळलं.

ही भाकरी वाढत होती. म्हणाली, "त्या हातांचं म्हणता होय? अहो, ते तर —" कृष्णरावाने तोडलं, "वहिनी, या कचेरीच्या गोष्टी." मीही म्हटलं, तू यात पडू नकोस. ताटात भाकरी जरा जोरातच पडली.

जाताना कृष्णराव सांगून गेला — जे दिसेल ते वार-तिथीसकट लिही. म्हणून लिहितोय.

गुरुवार, वद्य १४

दुपारी टेकडीवर बायकांचे आवाज. एक हुरमतबीचा, करामतशहाच्या बायकोचा. हसत होत्या! आता बायकांनाही कामाला लावलं.

शनिवार, माघ शुद्ध २

किल्ली उगवतीला यायची ती दोन प्रहरी आली. "घर में ताप हे, देर हुई गी," म्हणाला. असेल. नसेलही.

तसाच वर गेलो. कोपऱ्यातला लहानसा हात गेला. उरले सोळा. भिंतीखाली फरशी अजून दमट. आणि कडेला एक चटई, घडी घालून ठेवलेली! आजवर त्यांची एक काडी मागे राहिली नव्हती. आज चटई, उद्या पेटी, परवा म्हणतील आमचंच घर.

चटई उचलली नाही. पुरावा आहे.

मंगळवार, शुद्ध ५

देवीपुढे बसलो आणि डोळे भिंतीवर. आरतीचं एक कडवं विसरलो. तीस वर्षांत पहिल्यांदा! त्यांनी माझी पूजाच नासवली.

त्यांनी, की मी?

शुक्रवार, शुद्ध ८

सगळं उतरून काढलं — दोन हात, मग तिसरा, उशिरा आलेली किल्ली, दमट फरशी, चटई. खाली सही केली. कृष्णरावाचा माणूस घेऊन गेला. गावच्या पंतोजींनी वळण लावलेलं अक्षर, कागद बरा दिसत होता.

सोमवार, फाल्गुन शुद्ध २

अंमलदार आले. चावडीपुढे सतरंजी घातली. माझा कागद मोठ्याने वाचला. सगळा गाव ऐकत होता. वाचताना तो मला माझा वाटेना.

अंमलदारांनी करामतशहाला विचारलं, "भिंत कोणी धुतली? तू?"

"नहीं हुजूर."

"मग कोणी? किल्ली तुझ्याकडे होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "मालूम हे हुजूर. पण नाम नी लूँगा."

"का नाही?"

"पराया घर की इज्जत हे."

लोकांत कुजबुज झाली. कृष्णराव माझ्या कानाशी म्हणाला, "बघ कशी पळवाट काढतोय!" मलाही तेच वाटलं. गुन्हेगाराशिवाय कोण गप्प बसतं?

गुरुवार, शुद्ध १२

हुकूम आला. कायम निकाल होईपर्यंत शुक्रवारचा नमाज बंद. किल्ली माझ्याकडेच राहायची. करामतशहाकडे सही मागितली, त्याने अंगठा दिला.

आता सगळे वार माझे. हायसं वाटायला हवं होतं.

शुक्रवार, शुद्ध १३

टेकडीच्या पायथ्याशी, धुळीत चादर अंथरून नमाज पढले. दहा-बारा जण. मी वरून पाहिलं. एकानेही वर पाहिलं नाही.

गुरुवार, वद्य ४

जावयाचं पत्र. इंदूला सातवा लागला! सात वर्षांनी! पत्र हिला वाचून दाखवलं. आनंद होईल म्हटलं, तर ही जमिनीवर बसून रडायला लागली.

"मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. सातव्याच्या आत पुरुषांच्या कानावर घालायचं नसतं, नाहीतर नवस फळत नाही म्हणतात. नवस बोलताना भिंतीवर हात उमटवायचा आणि पोटातलं हललं की धुऊन टाकायचा. इंदूला येववेना, म्हणून मी गेले. हुरमतबीने दार उघडलं, माझे गुडघे दुखतात म्हणून चटई दिली. आधीचे दोन हात सुताराच्या सुनेचा आणि हुरमतबीच्या लेकीचा. तुमच्या वेळी तुमच्या आईनेही आपला हात तिथेच धुतला होता. मी सांगायला आले, तर तुम्ही म्हणालात, पडू नकोस. पुढे तुमचा कागद गेला आणि माझी जीभच उचलेना."

कोपऱ्यातला लहानसा हात इंदूचा होता.

करामतशहाला ठाऊक होतं.

शुक्रवार, वद्य ५

धारेला निघतो. जाता जाता किल्ली करामतशहाच्या हातात देणार. हुकूम मोडला तर मोडला. आज शुक्रवार आहे.

कचेरीत विचारतील, भिंत कोणी धुतली. त्याने घेतलं नाही ते नाव मला घ्यायचं आहे. तीस वर्षांत चारचौघांत कधी घेतलं नाही. आधी इथे लिहून पाहतो.

उमाबाई.