शेवटच्या पानाची डागडुजी

तीर्थरूप मामा यांस,

तुमच्या शब्दावर वाचनालयात लागलेल्या, आणि परवापासून पुन्हा एकदा लागल्यासारखं वाटणाऱ्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामीचा खोकला थांबला का? तुम्ही दोघं खुशाल आहात असं धरूनच चालतो, कारण पुढचं वाचायला माणूस खुशाल असावा लागतो.

ग्रंथपालसाहेबांचा फोन आला असेल तर आधी हे पत्र पूर्ण वाचा आणि मग त्यांना काय ते बोला. आला नसेल तर आपणहून करू नका. माझी नोकरी गेलेली नाही. (हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मधल्या मजकुरात तुमचं रक्त आटणार नाही. माझं आटायचं ते आटून झालं.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी डागडुजीच्या टेबलावर बसतो. वाटीभर खळ, दोन ब्रश, कटर, दोन फळ्या आणि चिकटवलेलं पुस्तक दाबून ठेवायला वर एक जाडजूड शब्दकोश. सगळ्यात जास्त जखमी पुस्तकं येतात किशोर विभागातून, आणि त्यातही कथासंग्रह. कादंबरी मुलं एकदा वाचतात आणि सोडतात. कथासंग्रह मात्र दप्तरात, गादीखाली, ताटाशेजारी, कुठेही उघडतात, एक गोष्ट संपली की आपटून मिटतात, आणि या आपटाआपटीत शेवटचं पान सगळ्यात आधी निखळतं. (तुम्ही म्हणाल, एवढं ज्ञान याला कॉलेजात का नाही झालं? कॉलेजात खळ नव्हती.) ही जखमी पुस्तकं किशोर विभागाच्या बाई स्वतः आणून देतात. त्यांच्याबद्दल मागच्या पत्रात अडीच पानं लिहिली होती, म्हणून इथे हात आवरतो. एवढंच सांगतो की चष्मा वर सरकवायला त्या बोट वापरत नाहीत, मनगट वापरतात, आणि ते पाहिलं की माझ्या हातून खळ सांडते.

तर चार महिन्यांपूर्वी एक संग्रह आला, त्याचं शेवटचं पानच गायब. अशा वेळी दुसरी प्रत शोधून तिच्यावरून झेरॉक्स लावायची, असा नियम आहे. आमच्याकडे दुसरी प्रत नव्हती. त्यात त्याच सकाळी मी बाईंना मोठ्या हिमतीने "आज हवा छान आहे" असं म्हणालो होतो आणि त्या मान वर न करता "ठेवा तिकडे" म्हणाल्या होत्या. (हवा कुठे ठेवू?) माझं डोकं तापलेलं. गोष्ट अशी, की शेजारची मुलगी दुसऱ्या गावी राहायला चालली आहे, सामान टेंपोत चढलंय आणि मुलगा फाटकापाशी मुका उभा आहे. इथे पान संपतं. मामा, असं कुणाला उभं करून ठेवतात का? मी बसल्या बैठकीला शेवट लिहिला. मुलगा टेंपोमागे धावतो, टेंपो थांबतो, मुलगी मनगटाने चष्मा वर सरकवते आणि म्हणते, "मला माहीत होतं. चढ वर." रद्दीतल्या पुस्तकांची पिवळी कोरी पानं हाताशी होतीच. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं, चिकटवलं, वर शब्दकोश ठेवला.

इथे थांबलो असतो तर हे पत्र इतकं लांबलं नसतं. पण मग मी बाकीच्या संग्रहांचे शेवट वाचायला घेतले आणि पेटलोच. या किशोरांच्या पुस्तकांत सगळ्यात रडकी गोष्ट हटकून शेवटी असते. कुत्रं मरतं, आजोबा दवाखान्यातून परत येत नाहीत, जिवलग मित्र कायमचा अबोला धरतो, आणि कुणीतरी गेल्याशिवाय पोराला शहाणपण म्हणून येत नाही. मी एकामागून एक आणखी दहा संग्रहांची धडधाकट शेवटची पानं कापली आणि माझी लावली. (कापलेली पानं फेकवेनात, म्हणून एका पाकिटात जपून ठेवली. तेवढी अक्कल शाबूत होती.) कुत्रं वाचलं. आजोबा स्वतःच्या पायांनी जिना चढून आले. जिथे जिथे मुलगी होती तिथे तिला चष्मा आला आणि तिने हो म्हटलं.

आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी अभिप्रायाचा कागद डकवलेला असतो. एरवी त्यावर मिशीवाली चित्रं असतात. आता मजकूर यायला लागला. एका पोराने लिहिलं, "कुत्रं वाचलं हे पटलं नाही, पण बरं वाटलं." टेंपोवाल्या संग्रहाला तर नंबर लागायला लागले. ग्रंथपालसाहेब (मुलं त्यांना शांतताराव म्हणतात) इतके हरखले की त्यांनी त्या संग्रहाच्या लेखकमहाशयांनाच गोष्ट वाचायला बोलावलं. लेखकमहाशयांनी कळवलं, स्वतःची प्रत आणत नाही, वाचकांनी हाताळलेली प्रतच हातात द्या, तिचा आनंद वेगळा. मामा, त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. प्रत लपवली तर बाई शोधणार, पान काढलं तर पान कुठे गेलं म्हणून मलाच विचारणार. नोकरी जाणार, तुमचा शब्द जाणार, आणि बाई मान वर करतील त्या नेमक्या मला बाहेर जाताना बघायला.

गेल्या शनिवारी हॉल भरला. चाळीसेक मुलं, पुढे शांतताराव, खिडकीपाशी बाई, दाराशी मी. लेखकमहाशय झकास वाचत होते. मुलगा फाटकापाशी आला, पान उलटलं, ते माझ्या पानावर आले. टेंपो सुटला. ते थांबले. चष्मा काढला. पानाकडे बघत राहिले. मला राहवलं नाही, मी दारातूनच ओरडलो, "ते पान मी लिहिलंय! काय शिक्षा द्यायची ती द्या, पण त्या पोराला परत फाटकापाशी उभं करू नका!"

ते डोळे पुसायला थांबले होते.

"हे कोण?" त्यांनी विचारलं. शांतताराव म्हणाले, "आमचा डागडुजीवाला आहे, जरा तापट आहे." लेखकमहाशय इतके संतापले की कान लाल झाले. म्हणाले, "वीस वर्षं झाली ही गोष्ट लिहून. माझी ओळ मला कळत नाही होय? ही ओळ लिहिताना मी रडलो होतो, आजही रडलो. आणि हा पोरगा म्हणतो, मी लिहिली!" मुलंसुद्धा माझ्यावरच हसली. मामा, गुन्हा कबूल करायला गेलो आणि चोरीचा आळ आला. मला खाली बसवण्यात आलं, त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मला हायसंही वाटत होतं आणि तळपायाची आग मस्तकातही जात होती.

हॉल रिकामा झाल्यावर बाई टेबलाशी आल्या. हातात त्याच संग्रहाची जुनी प्रत, त्यांच्या घरची. म्हणाल्या, "तिसऱ्या पुस्तकापासून माहीत आहे मला. इतक्या मुलींना एकाच महिन्यात चष्मा लागतो का? तेराव्या वर्षी हे शेवटचं पान वाचून मी दोन दिवस रडले होते. कुणाशी बोलले नव्हते. ते रडणं माझं होतं. या पोरांचं ते तू कापून पाकिटात घातलंस." (मामा, "तू"! ओरडा खाताना लक्षात आलं नाही, घरी जाऊन आलं.) मग दाराकडे जाता जाता म्हणाल्या, "आणि एकाही मुलीला काही विचारलं नाहीस. नुसतंच हो म्हणायला लावलंस. एकदा विचारून तर बघायचं."

परवा त्यांनी मला पाकिटासकट शांततारावांपुढे उभं केलं. साहेबांनी रजिस्टर काढलं, ही नोंद दुरुस्तीत जाते की नुकसानीत, यावर बराच वेळ डोकं खाजवलं, आणि शेवटी म्हणाले की पानं जागच्या जागी परत लागली तर नोंदवायला काही उरतच नाही. लावली. टेंपोवाल्याला बाईंच्या प्रतीवरून झेरॉक्स लावली. कुत्रं पुन्हा मेलं, चिकटवताना मलाच भरून आलं, आणि खरं सांगतो, छातीवरचा शब्दकोश उचलल्यासारखं वाटलं.

मामीला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
तापट पण नोकरीत असलेला भाचा

ता. क. बाईंनी लेखकमहाशयांना फोन करून खरं काय ते सांगितलं, जुनं पान वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, ते रडकं पान आपलं नव्हेच, छापखान्याची चूक असणार.

ता. क. २. हे पत्र मी नोकरीबद्दल लिहिलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. बाईंना मी अजून विचारलेलं नाही. सात वेळा लिहून पाहिलं, पण दर वेळी विचारून झालं की हात आपोआप पुढे जातो आणि त्यांचं उत्तरही लिहून मोकळा होतो. तरी तुम्ही मामीला लग्नाचं कसं विचारलं होतं, ते शब्दशः उलट टपाली कळवावं. मामी काय म्हणाली, ते मात्र कळवू नका.