राजदीपभाऊचे फोटो

समीक्षाचे बाबा,

मले जपून ठेवाले दिलेला फोटोचा लिफाफा शोधू नका. धानोऱ्याच्या वसतिगृहातला, दीक्षाभूमीवरचा, आपल्या लग्नात राजदीपभाऊ तुमच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत तो, सगळे मी चुलीत घातले. सकाळी तुमच्या आंघोळीचं पाणी त्याच्यावरच तापलं.

उद्या नागपुरात किडनीची मंजुरी देणाऱ्या समितीपुढं तुमच्या दोस्तीचा पुरावा दाखवाचा होता, अन् नवरा राजीखुशीनं भाऊले किडनी देऊन राह्यला असं मले सांगाचं होतं. मी पोरीले घेऊन आरमोरीले आईकडे चालली. फोन बंद राहील.

भाऊले सांगा, ऐनवेळी बायको फिरली. भाऊच्या घरच्या सरितावहिनी मले गावभर शिव्या देतील, देऊ द्या. डायलिसिसवर भाऊ किती दिवस काढतील माहीत नाई. गेले तर ते पापही माझ्याच माथी मारा.

पण माझ्यापुढं तोंड पाडून बसू नका. महिनाभर तुमी रोज जेवताना एकच विचारलं, "तुही हरकत तर नाई ना, रिना?" मी "हरकत नाई" म्हटलं का तुमचा घास तोंडातच फिरे. परवा लिफाफा माझ्या हाती देऊन म्हणले, "तुह्याजवळ ठेव, माझ्याजवळून हरवते." वीस वर्षांच्या शाळेच्या नोकरीत एक पावती ज्याच्याजवळून हरवली नाई, त्या माणसानं हे म्हणावं?

दोस्ताले नाई म्हणाले तुमाले तोंड नव्हतं, म्हणून माझं वापरलं.

आधी भाऊकडे जाऊन रडून घ्या. वांग्याची भाजी झाकून आहे. भात जास्तीचा टाकला. महिन्यानं आज तुमी पोटभर जेवाल.

रिना