इनारीला न थांबणारी गाडी

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना
शनिवार, १९ एप्रिल २०२५

चि. सावनी हिस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल. क्योटोहून मंगळवारी सुखरूप घरी पोचलो. आन्याची शाळा आणि सत्यजितची नवी नोकरी दोन्ही नीट चालू असतील. पाकीट हाताला जाड लागलं असेल, पण आतली कागदाची पुडी आत्ताच उघडू नकोस. आधी पत्र. आणि अक्षर एवढं मोठं का म्हणून हसू नकोस. घरात एक धड पेन सापडेना, म्हणून तुझ्या आईने खोक्यांवर नावं घालायचा काळा मार्कर हातात दिला. तुला तिसरीतून उचलून या देशात आणलं, तेवढ्या मराठीला हे अक्षर बरंच पडेल.

तू म्हणशील, बाबांना एकदम पत्र कुठलं सुचलं? फोन आहे की! आहे ना. पण थँक्सगिव्हिंगपासून तू विचारतेस, "आई आहे का?" आणि मी म्हणतो, "देतो." पाच महिने बापलेकीचं एवढंच बोलणं. तुझा हट्ट कुणावर गेलाय ते मी सांगायला नको.

त्या दिवशी किचनमध्ये तू हात पुढे केलास. "बाबा, गिव्ह मी द कार की. प्लीज." मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. एकतीस वर्षं या गावात गाडी चालवतोय, एकदाही पोलिसाचं तिकीट मिळालेलं नाही, माझ्या घरात येऊन मला शिकवू नकोस. तुम्ही एक दिवस आधीच सामान बांधलंत. तो अख्खा पंपकिन पाय आम्ही दोघांनी तीन दिवस खाल्ला, गोड असूनही गोड लागला नाही.

जपानची ट्रिप म्हणजे निव्वळ ईर्ष्या होती, हे सांगून टाकतो. म्हटलं, एकाहत्तर वर्षांचा माणूस परक्या देशात, परक्या भाषेत, कुणाच्या मदतीशिवाय फिरून दाखवतो की नाही बघाच. मग सावनीला फोटो पाठवू, खाली काही लिहायचं नाही. नुसते फोटो.

पण काय गाड्या आहेत गं त्या! एक कार्ड घ्यायचं, फाटकाला टेकवायचं, पिंग, चला आत. फलाटावर रेघा आखलेल्या, लोक त्यावर मुकाट उभे. घड्याळात वाजायला आणि गाडी यायला एकच गाठ. इथे कॅरीत दूध संपलं तरी गाडी काढावी लागते. तिथे आठ दिवस स्टिअरिंगला हात लावला नाही आणि आम्ही कॉलेजच्या पोरांसारखे हुंदडत होतो. तुझी आई तर प्रत्येक स्टेशनवर भाताचे त्रिकोणी गोळे घ्यायची आणि आत काय निघतं ते बघायची. एकदा आंबट बोर निघालं, तेव्हाचं तिचं तोंड बघायला हवं होतंस.

कामाची वाटणी ठरलेली. रोज सकाळी हॉटेलात तिने मला स्टेशनांची नावं वाचून दाखवायची, मी मोजून पाठ करायची. कितवं स्टेशन, किती मिनिटं. म्हणजे गाडीत बसल्यावर काही वाचायची गरजच नाही. मोजायचं आणि उतरायचं. आयुष्यभर औषधाच्या गोळ्यांचे प्लांट चालवले, पद्धत म्हणजे पद्धत.

तिसऱ्या दिवशी इनारीचं देऊळ होतं. डोंगरभर लाल कमानी, हजारो, एकीला लागून एक. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनने दुसरं स्टेशन. पहिलं तोफुकुजी, दुसरं इनारी. पाच मिनिटांचा प्रवास, यात चुकायचं काय?

फलाटावर गाडी उभीच होती. आई म्हणाली, "अहो, थांबा जरा, यावर काहीतरी वेगळं लिहिलंय. बघू द्या मला."

"वीणा, तू प्रत्येक गाडीला हेच म्हणतेस," म्हणालो आणि चढलो. दार बंद! मी आत, ती बाहेर. तिचा निळा कोट तेवढा मागे सरकताना दिसला.

घाबरलो वगैरे नाही हं. मोजायचं आणि उतरायचं. तोफुकुजी, एक. मग गाडी जी सुटली ती थांबेचना. अखेर थांबली. दोन. मी ऐटीत उतरलो. इनारीला उतरलं की समोरच लाल कमान, असं सगळे सांगतात. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. लाल म्हणून काही नाही.

ती फास्ट गाडी होती. इनारीला थांबतच नाही. मी उतरलो होतो रोकुजिझो नावाच्या स्टेशनवर, पण हे मला नंतर कळलं. तेवढ्यात आईचा फोन. ती मागच्या गाडीने इनारीला पोचलीसुद्धा होती.

"कुठे आहात?"

"फलाटावर."

"अहो, कुठल्या?"

"जपानच्या!"

"विनोद पुरे. समोर पाटी असेल, इंग्लिशमध्येही लिहिलेलं असतं. वाचा ना."

मी पाटीसमोरच उभा होतो, सावनी. चार फुटांवर. "वाचतो, थांब," म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

आता मार्करचं खरं सांगतो. घरात डबाभर पेनं आहेत. मला बारीक लिहिलेलं दिसत नाही, अगदी माझंच लिहिलेलंही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग आहे. जिकडे बघावं तिकडे तो माझ्या आधी जाऊन बसतो. कडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. मॅक्युलाचा आजार म्हणतात, डोळ्यात इंजेक्शनं देतात, त्याने आहे ते टिकेल, गेलेलं येणार नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, आजपासून ड्रायव्हिंग बंद. हे सांगितलं ऑक्टोबरमध्ये. तू किल्ली मागितलीस नोव्हेंबरच्या शेवटी.

म्हणजे मला माहीत होतं. आन्याला मागे बसवून आइस्क्रीम आणायला निघालो तेव्हा माहीत होतं. स्टॉप साइन ओलांडून सरळ गेलो, आणि त्या पिकअपवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून आम्ही तिघं घरी आलो. आन्या तुला म्हणाली, "मॉम, आजी सेड स्टॉप अँड आजोबा डिडन्ट." त्यावर मी हसून म्हणालो, आन्या गोष्टी रचते. नऊ वर्षांच्या पोरीला मी सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुझ्याशी भांडलो त्याचं फार नाही वाटत, भांडणं होतात. पण तिने माझ्याकडे कसं पाहिलं असेल तेही मला दिसलं नाही. त्याची लाज वाटते गं. रोज वाटते.

आईवर रागावू नकोस. ती त्या दिवशी गप्प बसली, कारण ती माझे डोळे झाली होती. स्वतः गाडी चालवायला घाबरते, पण शेजारी बसून गप्पा मारल्यासारखं म्हणायची, "लाल आहे हं." "ती बाई कुत्रं घेऊन चाललीय बघा." "झालं हिरवं." मी ब्रेक दाबायचो, ॲक्सिलरेटर दाबायचो. या विषयावर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. घरी पोचलो की ती चहा टाकायची आणि मी पेपर उघडून बसायचो. वाचत काय होतो, कपाळ!

असो. फलाटावर परत चल, मला तिथे एकटं सोडू नकोस.

पायाखाली काहीतरी टोचत होतं. बघतो तर उंचवट्यांच्या पिवळ्या फरशांची एक पट्टी, फलाटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलेली. पिवळा रंग मला कडेने छान दिसतो, आणि पायाला तर उंचवटे लागतातच. म्हटलं, पट्टी आहे म्हणजे कुठेतरी जात असणार. निघालो तिच्यावरून. एवढ्यात पक्षी ओरडला. गोड आवाज, कोकिळेचा नव्हे पण तसाच. परत ओरडला. मी थांबून ऐकू लागलो. प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतराने! मोजलं मी. म्हटलं, या देशात पाखरंसुद्धा टाइमटेबलने ओरडतात की काय?

मान वर करून मी तो पक्षी शोधत होतो, तेव्हा शेजारी एक मुलगी येऊन उभी राहिली. स्टेशनचा गणवेश, पांढरे हातमोजे, आवाजावरून पंचविशीची. मी वर बोट दाखवून म्हटलं, "बर्ड?" ती हसली असावी. फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोन इंग्लिशमध्ये म्हणाला, "हा पक्षी जिन्याजवळ आहे. न दिसणाऱ्या प्रवाशांसाठी आहे."

मग तिने विचारलं, "सर, यू...?"

सावनी, आईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, डॉक्टरसमोरही नुसती मान हलवली होती. आणि त्या परक्या पोरीला मी म्हटलं, "येस. आय ॲम दॅट पॅसेंजर."

काही झालं नाही गं! आभाळ कोसळलं नाही. तिने "अरेरे" केलं नाही, मोठ्याने ओरडून बोलली नाही. कोपर पुढे केलं, मी धरलं, जिना उतरलो, दुसरा जिना चढलो, पलीकडच्या फलाटावर. वाटेत मी खुणांनी झालेला घोळ सांगितला. "वाइफ? इनारी?" "येस, वाइफ, इनारी, व्हेरी अँग्री." तिने कुठेतरी फोन लावला. सावकाश जाणारी गाडी आली, मला दाराशेजारी बसवून तिने तीन बोटं माझ्या हातावर टेकवली. तीन स्टेशनं.

तिसऱ्या स्टेशनवर दार उघडलं, तर बरोबर त्याच दारासमोर दुसरा गणवेशवाला उभा. माझीच वाट बघत. त्याच्या शेजारी निळा कोट. तिच्या हातात त्या देवळापुढे मिळणारं कोल्ह्याच्या तोंडाचं भलंमोठं बिस्किट, त्याचा एक कान काळजीपोटी खाऊन टाकलेला.

"मला सगळं सांगितलं यांनी," ती म्हणाली, आणि तिथेच रडायला लागली. मग हसायला लागली. मग परत रडली. म्हणाली, "जपानी माणसाकडून कळावं लागलं, अं? रोज लाल-हिरवं ओरडून माझा घसा बसला!" मी म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच म्हणता आलं. उरलेला कान मी खाल्ला.

त्या कमानींखालून आम्ही वर चढलो. तुला गंमत सांगू? मला मधलं दिसत नाही, पण तिथे मधे बघण्यासारखं काही नाहीच. सगळं दोन्ही बाजूंना आहे. इकडे लाल खांब, तिकडे लाल खांब, मला सगळे दिसले. पोटभर पाहिलं. पुढचे पाच दिवस तर मी तिला आरामात बसवून ठेवायचो. स्टेशनचं नाव गाडीत बोलून सांगतात, ते कान देऊन ऐकायचो, फलाटावर पिवळी पट्टी धरून जायचो. अराशियामाच्या बांबूबनात मी तिला घेऊन गेलो, तिने मला नाही.

परत आलो तेव्हा गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी. शेजारच्या राजीवला बोलावून घेतलं. म्हटलं, बाबा रे, तूच चालव. माझ्याच गाडीत मी पहिल्यांदा उजव्या सीटवर बसलो. पहिला सिग्नल आला आणि मागून आई म्हणाली, "लाल आहे हं." राजीव म्हणाला, "हो काकू, दिसतंय मला." आम्ही दोघं इतके हसलो की त्या बिचाऱ्याला काही समजेना.

त्याच राजीवला कामाला लावून मी दुसरी एक गोष्ट केली आहे. आपल्या कॅरीला रेल्वे स्टेशन आहे. एकतीस वर्षं मी फाटकाशी गाडी थांबवून त्या ट्रेनला शिव्या घातल्या, तीत बसावंसं कधी वाटलं नाही. सकाळी इथे बसायचं, संध्याकाळी तुमच्या ट्रेंटनला उतरायचं. मधे गाडी बदलायची नाही. शुक्रवार, ९ मेची आमची दोन तिकिटं आहेत. स्टेशनं पाठ करतोय. तू ये म्हणाली नाहीस, तरी आम्ही येतोय. आन्याशी मला स्वतः बोलायचं आहे. ती खरं बोलली होती आणि आजोबा खोटं बोलले होते, हे तिला माझ्या तोंडून ऐकू दे.

आता पुडी उघड. गाडीच्या दोन्ही किल्ल्या आहेत. घरात तिसरी नाही. तू हात पुढे केला होतास, माझा हात तिथवर पोचायला पाच महिने लागले.

एक शेवटचं. ट्रेंटनच्या फलाटावर तू हात हलवशील, हसशील, नाहीतर फुगून बघशील. मला त्यातलं काही दिसणार नाही. मला चेहरे दिसत नाहीत, तुझाही नाही. तू समोर असताना मी तसाच पुढे निघालो, तर बाबा अजून रुसलेत असं समजू नकोस. आधी कुणी बोलायचं यावरच आपण अडून बसलो होतो ना? हे घे, पत्रात मी आधी बोललो. फलाटावर तू आधी बोल. लांबलचक नको. नुसतं "बाबा" म्हण, त्या आवाजावर मी बरोबर येतो.

तुझ्या हाकेकडे कान लावून बसलेला,
तुझा
बाबा