डाकेच्या वाटेवरचा लाल गोल

शनिवार, २५ नोव्हेंबर १९७८, सदरमधल्या घरी

कन्हानच्या काठाने जाणारी इंग्रजांच्या वेळची डाकेची वाट आता रायमुनियाच्या झुडपांत पार बुजली आहे. ती चार दिवसांत चालायचं आम्हा ऑफिसवाल्यांचं ठरलं, आणि पुढारी मी. काहून, तर ऑफिसात तीन वर्षं मीच सांगत आलो की ती मी पुरी चाललो आहे. खरं तर पहिल्याच दुपारी काट्यांना कंटाळून परतलो होतो. तेव्हा सोबत होते बळीरामजी, तरुणपणी त्याच वाटेने डाक नेणारे.

आज सगळे माझ्या घरी जमले, आणि माहिती विचारायला ऑफिसातल्या दिनूने बळीरामजींनाच आणलं. माझ्याकडे बोट दाखवत दिनू त्यांना म्हणाला, "हे शेवटपर्यंत गेले होते ना?" माझ्या बशीतला चहा सांडला. बळीरामजी म्हणाले, "गेले होते ना जी."

मग नकाशा उघडला. तिसऱ्या मुक्कामानंतर वाट नदी ओलांडते, तिथं मी लाल पेन्सिलीने गोल करून लिहिलं होतं, 'उतार, गुडघाभर पाणी'. कशाच्या भरवशावर लिहिलं मी? तो गोल अजून खोडलेला नाही. बळीरामजी त्या गोलाकडे बराच वेळ पाहत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. एवढंच म्हणाले, "एक लांब दोर घ्या जी सोबत. मले बरं वाटेल."

एवढं ओझं कशाला, म्हणून सगळे कुरकुरले.

मीही कुरकुरलो.