चुलीवरचं शिसं

खुशीचे बाबा,

खुशीले घेऊन मी वरोऱ्याले माहेरी चालली. पोरीच्या रक्तात शिसं निघालं. जुनी बॅटरी फोडून, शिसं वितळवून तुम्ही मासे धरायच्या जाळ्याले वजनासाठी लावायच्या गोळ्या आपल्या सैपाकाच्याच चुलीवर ओतता. पोटात होती तवापासून पोरगी तो धूर घेऊन राह्यली, अन् रांगताना त्याच गोळ्या चोखे. डॉक्टर म्हणे, म्हणून बोलणं मागं पडलं, म्हणून एका जागी बसत नाई. तुमच्या मायले सांगा, पोरीले नजर नाई लागली, अन् मी बी तिले बिघडवली नाई.

जाळ्याच्या साऱ्या गोळ्या मी कापून नेल्या. तुमचा आजा मातीच्या गोळ्या भाजे, त्याले मासे भेटतच होते. चूलही फोडली. नवी बांधा, फक्त सैपाकाची, मंग न्याले या.

खुशीची माय